तुमच्या अंघोळीनं चूल पेटते

आक्कांना विचारा

मागच्या अंकात भाकरीबद्दल लिहिताना मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की आपल्या जिल्ह्यात गॅस घरोघर आला पण चूल काही कुणी मोडली नाही. या महिन्यात आलेली पत्रं जवळजवळ सगळी त्या वाक्यावरची आहेत. त्यातली पाच घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातली, वय ६८. तरुणपणी गावोगाव फिरून निर्धूर चुली घातल्या, नंतर बचत गटांचे हिशेब सांभाळले. मी डॉक्टर नाही, तेव्हा खोकल्याची औषधं विचारू नका.

आक्कांस स. न. वि. वि. मी राधानगरी तालुक्यातला, गोकुळ शिरगावला कंपनीत कामाला आहे. पहिली पाळी असली की सकाळी सहाला घर सोडतो. आईच्या नावावर उज्ज्वला योजनेतून गॅस मिळून सहा-सात वर्षं झाली. शेगडी आहे, टाकी आहे, तरी वर्षाला तीन टाक्यांच्या वर खप जात नाही. भाकरी, कालवण, पाणी, सगळं चुलीवर. आईला खोकला आहे, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. आता बायकोही तिच्याच वळणावर गेली. आई म्हणते, जळण फुकट आहे, गॅसला पैसे पडतात. तिला पटेल असं चार ओळींत लिहा, मी वाचून दाखवीन.

दादा, वाचून दाखवू नका. हे उत्तर आईंसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

सहाला घर सोडता म्हणजे पाच-सव्वापाचला अंघोळ आलीच. तुम्ही लिहिलंय, 'भाकरी, कालवण, पाणी'. पाणी आपलं यादीच्या शेवटी, एका शब्दात. माझ्या मते सगळी गोम त्या शब्दात आहे. पहाटे साडेचारला आई उठते आणि चूल पेटवते ती तुमच्या अंघोळीसाठी. मग चूल पेटलीच आहे तर वैलावर, म्हणजे चुलीच्या बाजूच्या तोंडावर, चहा ठेवते. चहा झाला, निखारा पडलाय, तर दूध तापवून घेते. तवा टाकून तुमच्या डब्याच्या भाकऱ्या करते. म्हशीच्या आंबवणाला गरम पाणी लागतं, तेही त्यातच. तोवर सात वाजतात. आता सांगा, एवढी पेटलेली चूल सोडून ती पलीकडं जाऊन गॅस का पेटवील?

बरं, पाणी गॅसवर तापवा म्हटलं तर तेही सोपं नाही. घरात पाच माणसं धरा आणि दिवसाला ४० लिटर कढत पाणी धरा. तेवढं पाणी गॅसवर तापवायला रोज पाव किलोच्या आसपास गॅस जातो. टाकी १४.२ किलोची. म्हणजे नुसत्या अंघोळीला वर्षाला सहा टाक्या. तुमच्या घरात सगळ्याला मिळून तीन येतात. आई हिशेबात कच्ची नाही. तिनं कागद-पेन्सिल न घेता तुमच्या आधीच हे मांडलेलं आहे.

हे शहाणपण मला उशिरा आलं, म्हणून माझी फजिती सांगते. १९८६-८७ च्या सुमाराला मी निर्धूर चुली घालायला शिकले. माती, भाताचं तूस, शेण मळायचं, दोन तोंडांची चूल घालायची, मागं धुराडं काढून पाईप कौलाच्या वर न्यायचा. माझा हात चांगला होता. एकेका गावात पंधरा-वीस चुली घातल्या. दोन वर्षांनी त्यातल्या एका गावी हळदी-कुंकवाला गेले, म्हटलं जाता जाता बघून यावं. पहिल्याच घरात धुराड्याच्या पाईपात काजळी गच्च, आणि मागचं तोंड मातीनं लिंपून बंद. त्या वहिनी लाजून म्हणाल्या, 'आक्का, तुमची चूल लई देखणी हाय, पर ह्यावर पाण्याचं तपेलं बसत न्हाई.' खरंच बसत नव्हतं. मी तोंड कालवणाच्या भांड्याच्या मापानं ठेवलेलं. त्यांनी तपेल्यासाठी पुढचं तोंड फोडून मोठं केलं, तशी हवेची ओढ बिघडली आणि सगळा धूर घरात. मी त्यांना भाकऱ्या किती, माणसं किती, सगळं विचारलं होतं. पाणी किती तापवता, ते विचारलं नव्हतं. आणि चूल कुठं घालायची ते सासऱ्यांनी दाखवलं होतं, त्यांनी नाही.

आता 'जळण फुकट' या वाक्याकडं येऊ. बचत गटाच्या एका बैठकीत मी बायकांपुढं ज्वारीचं सूप ठेवलं आणि म्हटलं, गेल्या वर्षात जळणापायी जेवढे दिवस गेले तेवढे दाणे बाजूला काढा. अर्धा दिवस गेला असेल तर दोन अर्ध्यांचा एक दाणा. सुरुवातीला सगळ्या म्हणाल्या, कुठं दिवस जातो, येता-जाता आणतो. मग एकीला आठवलं, माघात बांधावरची बाभूळ छाटली ते चार दिवस. दुसरीला शेणी, म्हणजे गोवऱ्या, लावायचे दिवस आठवले. मृगाच्या आत सगळं वाळवून माळ्यावर टाकायचं, ते दिवस. पावसात भिजलेलं परत काढून सारवलेल्या भुईवर पसरायचं, ते दिवस. एकीचे ४१ दाणे झाले. ती त्या दाण्यांकडं बघतच बसली. तेवढे दिवस भांगलायला गेली असती तर हातात रोख मजुरी आली असती.

तिचा नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, 'पण आक्का, एक्केचाळीस दिवस तिला भांगलायला बोलावतंय कोण?' मला राग आला होता, पण माणूस निम्मा बरोबर होता. उन्हाळ्यात रानात काम नसतं तेव्हा बाईच्या दिवसाला बाजारात मोल नाही, म्हणून जळण स्वस्त वाटतं. पावसाळ्यात भांगलण सुरू झाली, सुगी आली, की त्याच घरात गॅस भराभर जळतो, कारण दमून घरी आल्यावर चूल फुंकायला कुणात जीव नसतो. घरात कुठलं इंधन जळेल हे आईच्या स्वभावावर कमी आणि त्या महिन्यात तिच्या वेळेला काय भाव आहे यावर जास्त अवलंबून असतं. तुमची बायको 'आईच्या वळणावर' गेली म्हणता. ती बाहेर कामाला जाते का, ते पत्रात नाही. जात नसेल तर वळणाचं कोडं तिथंच सुटतं.

दुसरी बाजू लाकडाची. चुलीत जळणाची बरीचशी आच भांड्याला लागतच नाही, ती भिंतीला, छपराला आणि आईच्या तोंडाला लागते. ढोबळ धरलं तर एका टाकीचं काम साध्या चुलीवर करायला १५० ते १७० किलो वाळकं लाकूड जातं. वखारीतून विकत आणायचं तर तुमच्याकडचा किलोचा भाव घाला आणि गुणून बघा. सहा रुपये धरले तरी नऊशे-हजार होतात. विकतचं लाकूड गॅसपेक्षा स्वस्त नाही. बांधावरचं स्वस्त आहे, कारण त्यात आईची मजुरी धरलेली नाही.

मग पैशाचं. उज्ज्वलाच्या टाकीमागं ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान आहे, पण ते खात्यावर मागाहून येतं. टाकीवाला दारात उभा असतो तेव्हा पूर्ण रक्कम हातात लागते, आणि त्या दिवशी आईच्या हातात ती नसते. उसाचं बिल तुमच्या वडिलांच्या खात्यावर, पगार तुमच्या खात्यावर. लाकडाचं तसं नाही, ते मूठ-मूठ लागतं आणि मूठ-मूठ मिळतं. चहापत्ती पुडीनं आणणाऱ्या घराला डबा विकत घ्यायला लावावं, तसं हे टाकीचं आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं अन्नपूर्णा योजनेत पात्र घरांना वर्षाला तीन टाक्या मोफत जाहीर केल्या. त्यावर आमच्या गावातल्या एका आजीनं काढलेला अर्थ असा, की सरकारनं वर्षाला तीनच वापरायला सांगितल्यात. हसू नका, तुमच्या घरचा आकडाही तीनच आहे.

तुमच्याकडं दोन म्हशी असतील तर दर दहा दिवसांनी दूध संस्थेचं बिल येतं. त्या प्रत्येक बिलातले शंभर-सव्वाशे रुपये गॅसच्या पुस्तकात ठेवायचे आणि ते पुस्तक आईच्या ट्रंकेत. महिन्याला तीन बिलं, म्हणजे अडीच-तीन महिन्याला एक टाकी निघेल. आमच्या गटातल्या ज्या घरांनी हे केलं तिथं टाक्या वाढल्या. समजवायला कुणालाच जावं लागलं नाही.

भाकरीचा हट्ट मात्र धरू नका. चुलीत दोन कामं एकदम होतात. तव्यावर पदर सुटतो आणि निखाऱ्यापुढं उभी केलेली भाकरी धगीनं फुगते. गॅसच्या निळ्या आचेला तशी धग नसते, ती भांड्याला खालून लागते, समोरून शेकत नाही. पातळ तव्यावर भाकरी मधोमध करपते आणि कडेला कच्ची राहते. जाड बिडाचा तवा घ्या, मोठ्या शेगडीवर चांगला तापू द्या, पाणी लावलेली बाजू वाळायच्या आत उलटा आणि शेवटी तवा काढून जाळीवर फुगवा. जमते. पण आणखी एक अडचण पुरुषांना दिसत नाही. भाकरी बसून थापायची असते आणि गॅस उभ्यानं वापरायचा असतो. शेगडी खाली जमिनीवर मांडता येत नाही, ती टाकीपेक्षा उंचावरच हवी. तुमच्या आईचे गुडघे चाळीस वर्षं बसून भाकरी करायला शिकलेत. ओट्याशेजारी परातीच्या उंचीचं टेबल आणि बसायला उंच स्टूल करून द्या, मग बोला.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. ओमार मासेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या खेड्यांवर लिहिलेला अभ्यास २००० साली छापून आला. त्याआधी जाणती मंडळी म्हणायची, की पैसा आला की माणूस शिडी चढल्यासारखा शेणीवरून लाकडावर, लाकडावरून रॉकेलवर, तिथून गॅसवर जातो आणि खालची पायरी सोडतो. मेक्सिकोत दिसलं ते वेगळंच. गॅस आला, लाकूडही राहिलं, कारण मक्याची भाकरी, त्यांची तोर्तिया, बायकांना लाकडावरच बरी वाटत होती. आपल्या देशातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातली ४३ टक्के घरंच मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. कनेक्शन त्याच्या कितीतरी जास्त घरांत पोचलं होतं. तुमचं घर उरलेल्यांत धरा.

पण दोन्ही ठेवल्यानं एक तोटा होतो, तो आईच्या खोकल्याशी निगडित आहे म्हणून सांगते. धूर निम्मा केला म्हणजे त्रास निम्मा होतो असं नाही. थोड्या धुरानंही बराच अपाय होतो, खरा फरक धूर जवळजवळ गेल्यावरच पडतो. कर्क स्मिथ नावाचे शास्त्रज्ञ १९८० च्या दशकात गुजरातच्या खेड्यांत बायकांच्या अंगावर यंत्रं अडकवून त्या किती धूर ओढतात ते मोजत होते, तेव्हापासून हे कळत आलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० मध्ये घरातल्या धुरामुळं जगभरात ३२ लाख मृत्यू झाले. दमा-धाप, फुप्फुसाचा रोग, हृदयविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया. आईचा खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, क्षयाचीही तपासणी होऊ द्या.

तेव्हा आईला समजावू नका. एक तांब्याचा बंब आणा आणि परसात वळचणीखाली मांडा. पहिल्या पाळीला जायच्या दिवशी तो तुम्ही स्वतः पेटवा. जळण जळेल, पण धूर बाहेर जाईल. सौर बंबाचं विचाराल तर उन्हाळ्या-हिवाळ्यात उत्तम, तुमच्याकडच्या पावसात मात्र तीन महिने त्याच्यावर भरवसा ठेवू नका. घरातल्या चुलीला पहाटेचं निमित्त उरलं नाही की चहा कुठं होतो ते महिनाभर नुसतं बघा. आणि गॅस जिथं आहे त्या खोलीत पेटती चूल ठेवू नका, गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो भुईवरच पसरतो.

आक्का, शिरोळ तालुक्यातून लिहिते. २०१९ च्या महापुरात आमचा शेणींचा आख्खा हुडवा वाहून गेला, २०२१ ला परत पाणी आलं. मालक म्हणतात, आता शेणी लावूच नकोस, गॅस आहे. मला मात्र शेणी नसल्या की घर रितं वाटतं. आणि उसाचं पाचट एवढं पडतं, ते चुलीला चालेल का?

वहिनी, तुमचं मन बरोबर सांगतंय. त्या आठवड्यात रस्ते बंद होते, हायवेही बंद होता, टाकीची गाडी कुठून येणार? ज्या घरात एकच इंधन होतं ते घर अडकलं, मग ते इंधन गॅस असो नाहीतर शेणी. दोन वाटा ठेवणं हा अडाणीपणा नाही. फक्त दुसरी वाट शेणीचीच कशाला? पाच किलोची छोटी टाकी मिळते, ती भरून पावसाळ्याआधी माळ्यावर नव्हे तर वरच्या मजल्यावर हवेशीर जागी उभी ठेवा. पाणी चढायला लागलं तर ती एका हातानं उचलून नेता येते, हुडवा नेता येत नाही.

शेणी दूध आटवायला आणि हळू आचेला बऱ्या, पण धूर आणि राख भरपूर, आणि शेताच्या तोंडचं खत जातं ते वेगळं. थोड्या लावा. होळीला लावलेल्यातल्या काही पंचगंगा स्मशानभूमीला द्यायची रीत पडली आहे, तीही चांगली.

पाचट चुलीला नको. भपकन पेटतं, भपकन विझतं, एक भाकरी होईतो चार वेळा घालावं लागतं, आणि अशानंच पदर पेटतात. पुण्याच्या आरती संस्थेनं, आनंद कर्वे यांच्या संस्थेनं, पाचटाचा कोळसा करायची पद्धत काढली आणि तिला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा चांगला जळतो, पण भट्टी लावून करायचा उद्योग आहे तो, एकट्या घराचा नाही. तुम्ही पाचट सरीत कुजवा.

आदरणीय आक्का, मी माजी सैनिक, गडहिंग्लज तालुका. वडिलांनी बांधलेला लोखंडी टोपाचा गोबर गॅस पंधरा वर्षं बंद आहे. टोप गंजला. आता दोन म्हशी आणि एक गाय आहे. दुरुस्त करावा की नवा बांधावा? संडास जोडला तर गॅस वाढेल असं मेस्त्री म्हणतो, पण सौभाग्यवती म्हणतात त्या गॅसवर मी अन्न शिजवणार नाही.

नमस्कार. टोप चाळणी झाला असेल तर त्याच्यावर खर्च करू नका. जमिनीत पुरलेला घुमटाचा दीनबंधू संयंत्र १९८४ पासून आपल्याकडं आहे, त्यात गंजायला काही नाही. जुना खड्डा आणि वैरणीचा गोठा जवळ असेल तर जागा तीच चांगली, कारण लांबचा गोबर गॅस शेण वाहून नेण्याच्या कंटाळ्यानं बंद पडतो. तुमचाही तसाच पडला असेल, गंज नंतर आला असेल.

हिशेब असा, की एक घनमीटर गॅसला रोज २५ किलो शेण लागतं, आणि तेवढा गॅस साधारण ४५० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचं काम करतो. तुमच्या तीन जनावरांचं, ती गोठ्यातच बांधलेली असतील तर, ३५ ते ४० किलो शेण धरू. दीड घनमीटर झाला. चार-पाच माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक निघतो. हिवाळ्यात थोडा कमी पडेल. दोन घनमीटरपेक्षा मोठा बांधू नका. पुढं म्हशी वाढतील म्हणून मोठा बांधतात, मग म्हशी विकल्या जातात आणि संयंत्र उपाशी राहतं. मी अशी कितीतरी बघितलीत.

शेणात पाणी बरोबरीनं घाला, वैरणीच्या काड्या वेचून टाका, नाहीतर वर साय धरते आणि गॅस कोंडतो. पाइपात पाणी साठतं, ते सोडायची तोटी सगळ्यात खालच्या जागी बसवून घ्या. गॅस कमी आला की पहिल्यांदा साबणाचा फेस लावून सांधे बघा. मेस्त्री लगेच घुमट फोडायला निघतो, त्याला थांबवा.

संडासाचं. आपल्या जिल्ह्यात संडास जोडलेले गोबर गॅस पुष्कळ आहेत, पण सौभाग्यवतींना हसू नका. जळल्यावर वासही राहत नाही आणि विटाळही राहत नाही, हे मी शंभर बायकांना सांगितलं असेल. त्यातल्या बहुतेकींना पटलं. एक सासूबाई होत्या पन्हाळ्याच्या बाजूला, त्यांच्या घरी वीस वर्षं संडासाच्या गॅसवर रोजचं सगळं शिजत होतं. फक्त गौरी-गणपतीला आणि पौर्णिमेला नैवेद्यापुरती त्या मागच्या दारी तीन दगड मांडायच्या. घरात कधी भांडण झालं नाही. तुम्हीही आधी नुसत्या शेणावर चालवा. पहिल्या वर्षी गॅस पुरला तर संडासाचा विषयच निघणार नाही, आणि गोबर गॅसमधून निघालेली मळी रानात पडल्यावर ऊस कसा दिसतो तेही कळेल.

आक्का, मी राजारामपुरीत राहते. हल्ली हायवेला जिथं तिथं 'चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी' अशा पाट्या. चव खरंच वेगळी असते की नुसती जाहिरात?

असते, खोटं नाही. निखाऱ्याची धग आणि धुराचा वास, दोन्ही लागतात. तांबडा रस्सा मंद आचेवर तास-दीड तास राहिला तर तो गॅसवरही तेवढाच लागतो, पण हॉटेलात गॅस मंद कोण ठेवतंय? पुढच्या वेळी जेवण झालं की मागच्या बाजूला जा आणि भाकरी करणाऱ्या मावशींना विचारा, तुमच्या घरी काय आहे. मी विचारलं होतं. 'गॅस,' म्हणाल्या. 'दिवसभर हितं धूर खाल्ल्यावर घरात चूल कोण पेटवतंय!'

प्रिय आक्का, भुदरगड तालुक्यात माझं सासर. माहेरी सगळं गॅसवर. इथं सासूबाई म्हणतात, गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस धरतो. मला सहावा महिना आहे. चुलीपुढं बसलं की गुदमरतं. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, आईला दुखवू नको. काय करू?

पोरी, पोटातला गॅस हरभऱ्यानं आणि वेळी-अवेळी खाण्यानं धरतो, शेगडीनं नाही. पण हे सासूबाईंना तू सांगू नकोस, मीही सांगत नाही, कारण त्या जे बोलतायत त्याच्यामागं दुसरं काहीतरी असतं. बहुतेक वेळा भीती असते. टाकी फुटेल, नळी सुटेल, सून विसरून जाईल. त्यांना एकदा टाकीचा खटका बंद-चालू करायला लाव, नळीवरची तारीख बघायला शिकव, नळी जुनी असेल तर बदलून घे. रात्री निजताना खटका बंद करायचं काम त्यांच्याकडंच दे. ज्या सासवांच्या हाती तो खटका गेला त्यांचं पित्त बरं झालेलं मी बघितलं आहे.

गुदमरणं मात्र अंगावर काढू नकोस. गरोदरपणी रोज धूर ओढला तर बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. आशाताई तुमच्या घरी येतातच, त्यांना सासूबाईंसमोर आणि नवऱ्यासमोर हा विषय काढायला सांग. तुझ्या तोंडून तो हट्ट ठरतो, त्यांच्या तोंडून सल्ला. तोवर भाकरीचं काम जावेकडं किंवा सासूबाईंकडं, आणि तू भाजी चिर, धुणं नको म्हणून सांग, जे जमेल ते दाराबाहेर हवेला बसून कर. नवऱ्याला हे पत्र दाखव आणि वरचं पहिलं पत्रही वाचायला लाव.

आणि आत्ताच एक सांगून ठेवते, कारण तीन महिन्यांनी हे विचारायला तुला सवड नसेल. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात आणि गार वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात. ते करू देऊ नकोस. बंद खोलीतल्या निखाऱ्याचा विषारी वायू डोळ्याला दिसत नाही, नाकालाही कळत नाही, आई आणि बाळ दोघंही झोपेत जातात. शेक हवाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीचा घे. बाळाला ओवा-बाळंतशोपेची धुरी नको, न्हाऊ घातल्यावर नुसतं कोरडं पुसून गुंडाळा. माहेरी गेलीस तरी हे आईला सांग, आपल्या आयाही काही कमी हट्टी नसतात.